रिकामा रकाना म्हणजे शून्य नव्हे



दोन नंबरचा प्लॉट. थॉमसन, दीड एकर, लागण ९ बाय ५, वाय मंडप. फळछाटणी १० ऑक्टोबरची. आज १ डिसेंबर, म्हणजे ५२ वा दिवस. मणी ज्वारीएवढा झालाय. विरळणीच्या बाया लागल्यात.

मागच्या पोस्टमध्ये माझ्या मोबाईलवरच्या डॅशबोर्डचा फोटो टाकला होता. त्यावर बऱ्याच जणांनी 'शीट पाठवा' म्हणून मेसेज केले. दोघा-तिघा सल्लागारांनी विचारलं, की एवढे सेन्सर बसवून पडद्यावर पाचच चौकटी का? शीट पाठवतो, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण ती अशी का झाली हे न सांगता पाठवली तर माझी चूक तुमच्या बागेत होईल. म्हणून आज जरा लांबलचक लिहितोय. चहा घेऊन बसा.

गेल्या वर्षीचा १५ नोव्हेंबर

गेल्या वर्षी याच प्लॉटची छाटणी ८ ऑक्टोबरला झाली होती. १५ नोव्हेंबर म्हणजे ३८ वा दिवस. बाग दोडा-फुलोऱ्यात. ज्याची बाग आहे त्याला या दिवसांबद्दल वेगळं सांगायला नको. गळ, कूज, डाऊनी, वर्षाचं जे काही बरंवाईट व्हायचं ते याच आठ-दहा दिवसांत होतं.

१२ तारखेपासून आभाळ होतं. पाऊस नाही, नुसतं मळभ आणि रात्री जड हवा. १५ ला पहाटे अण्णा, म्हणजे माझे वडील, प्लॉटमधून चक्कर मारून आले. पायजमा गुडघ्यापर्यंत भिजलेला. ओट्यावर उभं राहूनच म्हणाले, "पान गळतंय रे. ब्लोअर काढ."

मी मोबाईल त्यांच्यापुढं केला. त्यात 'पानओल : ० तास' अशी चौकट होती आणि ती हिरवीगार होती. म्हटलं, "अण्णा, हिरवं आहे. पाऊसपण नाही झाला. उद्या बघू."

अण्णा वाद घालणारा माणूस नाही. मोबाईलकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, पाय पुसले आणि घरात गेले.

हे मी मस्ती आल्यासारखं केलं असं नाही. त्याच हंगामात पोंगा अवस्थेनंतर मी डॅशबोर्ड बघून दोन फवारण्या वाचवल्या होत्या. बाग स्वच्छ होती. औषध, डिझेल, माणूस, सगळं धरलं तर एक फवारणी वाचणं म्हणजे काय असतं ते तुम्हाला माहीत आहे. त्या दोन फवारण्यांनी माझा हिरव्या रंगावर विश्वास बसला.

२२ तारखेला खालच्या अंगाला, ओढ्याकडच्या ओळींमध्ये, घडाच्या देठावर पांढरी बुरशी दिसली. पानं उलटी केली तर खालून तेच. दोन दिवसांत दीड एकरभर. पुढचं सांगत नाही, ज्यांनी घडावरची डाऊनी बघितली आहे त्यांना कळतं. आदल्या वर्षी या प्लॉटनं १४ टन दिले होते. त्या वर्षी ६ टन निघाले आणि तेही सगळे स्थानिक व्यापाऱ्याला. एक्स्पोर्टला एक पेटी गेली नाही. मार्चमध्ये सोसायटीचं कर्ज नवं-जुनं केलं.

मोबाईलमध्ये झालं काय होतं

डिसेंबरात एका रात्री मी मूळ आकडे उघडून बसलो. तोपर्यंत मनात यंत्रवाल्याला शिव्या देत होतो. पण यंत्रवाल्याचं ॲप वेगळं होतं. मी बघत होतो ती शीट मी स्वतः बनवलेली होती. संगणकाचा डिप्लोमा केलेला, त्यामुळं हौस होती.

आमचं हवामान यंत्र दर १५ मिनिटांनी एक नोंद पाठवतं. दिवसाच्या ९६ नोंदी. संध्याकाळी ६ ते सकाळी ८ हे रात्रीचे १४ तास धरले तर ५६ नोंदी. माझं सूत्र साधं होतं : या ५६ नोंदींमध्ये 'पान ओलं' असं किती वेळा आलं ते मोज आणि १५ मिनिटांनी गुण. ३२ नोंदी ओल्या असल्या तर पानओल ८ तास.

१४ तारखेच्या रात्री ५६ नोंदी आल्याच नव्हत्या. आल्या होत्या ११. रात्री पावणेनऊला यंत्र बंद पडलं होतं. तोपर्यंत दव पडायला सुरुवात झाली नव्हती, म्हणून अकराच्या अकरा नोंदी कोरड्या. पुढचे ४५ रकाने रिकामे. माझ्या सूत्रानं मोजलं : ओल्या नोंदी शून्य. शून्य गुणिले १५ म्हणजे शून्य. शून्य म्हणजे कोरडं. कोरडं म्हणजे हिरवं.

त्या चौकटीनं सांगायला पाहिजे होतं, 'रात्री मी झोपलो होतो, मला काही माहीत नाही.' तिनं सांगितलं, 'मी रात्रभर जागा होतो, सगळं ठीक आहे.'

यंत्र बंद का पडलं हे कळल्यावर मात्र मी कपाळावर हात मारला. यंत्र सोलरवर चालतं. तीन दिवस आभाळ, बॅटरी भरली नाही, तिसऱ्या रात्री यंत्रानं मान टाकली. म्हणजे बघा, ज्या दिवसांत डाऊनीला सगळ्यात जास्त फावतं, त्याच दिवसांत सोलरवरचं यंत्र उपाशी असतं. यंत्र गप्प होणं हीच धोक्याची खूण होती, आणि मी त्या गप्प बसण्याला हिरवा रंग दिला होता.

आमच्या शिवारातच दुसऱ्या एका बागायतदाराचं यंत्र विजेच्या लाईनवर आहे. त्यांच्याकडून त्या रात्रीचे आकडे मागवून घेतले. पानओल ८ तास, तापमान १७ अंशांच्या आसपास.

आता हे आकडे डाऊनीच्या हिशोबात लावून बघा. एकदा बागेत डाऊनीचा डाग असला की पुढचा प्रसार रात्री होतो. अंधार, ९५ टक्क्यांच्या वर आर्द्रता आणि चारेक तास मिळाले की पानाखाली बीजाणू तयार होतात. ते दुसऱ्या पानावर, घडावर जाऊन रुजायला पानावर पाणी लागतं. जगभर वापरला जाणारा ढोबळ हिशोब असा, की पान ओलं असतानाचं तापमान गुणिले ओलीचे तास, हा गुणाकार ५० च्या आसपास गेला की लागण होऊ शकते. १८ अंश असेल तर तीन तास पुरेत. आमच्या शिवारात त्या रात्री १७ गुणिले ८, म्हणजे १३६ होता. आणि माझ्या मोबाईलवर शून्य.

अण्णांचा भिजलेला पायजमा त्या रात्रीचं एकमेव खरं रीडिंग होतं.

जुन्या डॅशबोर्डमध्ये आणखी काय चुकलं होतं

एक चूक सापडली म्हणून बाकीचंही तपासायला घेतलं. आता सगळं बाहेर काढतो, म्हणजे कुणाच्या तरी कामाला येईल.

पहिली गोष्ट, सरासरी. मी दिवसाची सरासरी आर्द्रता दाखवत होतो. रात्री ९८ आणि दुपारी ४० असली की सरासरी ७० च्या आत-बाहेर येते आणि दिसायला बरी दिसते. बुरशी सरासरीवर जगत नाही, ती रात्रीच्या ९८ वर जगते. आता दिवसाची सरासरी काढूनच टाकली. रात्रीचे तास वेगळे मोजतो.

दुसरी, सेन्सरची जागा. पानओलीचा सेन्सर बांधावरच्या खांबावर, मोकळ्या वाऱ्यात होता. बसवायला सोपं म्हणून. तिथलं पान सकाळी सातला सुकतं आणि ओढ्याकडच्या दाट कॅनॉपीत नऊपर्यंत पाणी ठिबकत असतं. आता तो सेन्सर ओढ्याकडच्या तिसऱ्या ओळीत, घडाच्या उंचीवर, पानांच्या आत बांधलाय. यंत्र नेहमी सगळ्यात वाईट जागी बसवा. चांगल्या जागेची काळजी करायला यंत्र कशाला पाहिजे?

तिसरी, पर्जन्यमापक. मागं एकदा चांगला पाऊस पडला, पाटात पाणी वाहिलं आणि डॅशबोर्ड म्हणतो ० मि.मी. वर चढून बघितलं तर गाळणीत पक्ष्याची विष्ठा आणि कोळ्याचं जाळं. पाणी आत उतरतच नव्हतं. म्हणजे इथंही तेच : 'पाऊस नाही' आणि 'पाऊस मोजला गेला नाही' या दोन वेगळ्या गोष्टी एकाच शून्यात दिसत होत्या.

चौथी, ओलाव्याचा आकडा. आमच्याकडं जमिनीत जो सेन्सर आहे तो सेंटीबारमध्ये सांगतो, म्हणजे मुळीला पाणी ओढायला किती जोर लावावा लागतो ते. जमीन जितकी सुकी तितका आकडा मोठा. पाणी सोडणारे आमचे मामा तो आकडा टक्के समजून वाचायचे. ६० दिसलं की म्हणायचे, "ओल हाये अजून, साठ टक्के." माझ्या काळ्या जमिनीत ६० म्हणजे वेल तहानलेला. मामांची काय चूक? ज्याच्या हातात व्हॉल्व्ह आहे त्याला न कळणारा आकडा मी पडद्यावर ठेवला होता.

पाचवी, रंग. दुपारच्या उन्हात मोबाईलवर लाल-हिरवा फरक धड दिसत नाही. शिवाय मामांना हे दोन रंग मुळातच वेगळे ओळखू येत नाहीत, हे मला इतक्या वर्षांनी त्यांना विचारल्यावर कळलं. ते चौकटीची जागा लक्षात ठेवून काम भागवत होते.

आणि सहावी, चौकटींची संख्या. २३ होत्या. वाऱ्याची दिशा, हवेचा दाब, सूर्यप्रकाश, सगळं. यंत्र देतंय म्हणून मी दाखवत होतो. पाहुण्यांना दाखवायला छान वाटायचं. पण सकाळी सहा वाजता मला दोनच प्रश्न असतात : आज फवारणी लागते का आणि आज पाणी किती सोडायचं. २३ चौकटींत या दोन प्रश्नांचं सरळ उत्तर एकाही चौकटीत नव्हतं.

आत्ताच्या पाच चौकटी

सगळ्यात वर तारीख नाही, छाटणीपासूनचा दिवस आहे. आज 'दिवस ५२'. आपण एकमेकांना भेटल्यावर 'कितवा दिवस?' असंच विचारतो, मग मोबाईलनं तारीख का सांगावी? खालचे सगळे आलेखही याच दिवसांवर आहेत. त्यामुळं गेल्या वर्षीचा ४० वा दिवस आणि यंदाचा ४० वा दिवस शेजारी-शेजारी बघता येतो.

चौकट १, डाऊनी. आकडा नाही, तीनच शब्द : 'फवारा', 'थांबा', 'जाऊन बघा'. रात्रीच्या ५६ पैकी ५० पेक्षा कमी नोंदी आल्या असतील तर बाकी काहीही असो, चौकट राखाडी होते आणि 'जाऊन बघा' म्हणते. हिरवा रंग आता फुकट मिळत नाही, पूर्ण नोंदी आल्या तरच मिळतो. चौकटीवर बोट ठेवलं की तापमान, तास आणि गुणाकार दिसतो. तो मी आणि आमचे सल्लागार बघतो. इतरांना शब्द पुरतो.

चौकट २, पाणी. इथं मि.मी. नाही, सेंटीबार नाही. मोटर किती मिनिटं चालवायची तेवढंच. हिशोब सांगतो. एका एकरावर १ मि.मी. पाणी म्हणजे ४०४७ लिटर. बाष्पीभवन ५ मि.मी. असेल तर वीस हजार लिटरच्या वर जातं, पण वेलाला त्या अवस्थेत त्याचा काही भागच लागतो. समजा ०.४ धरला तर एकरी साधारण ८१०० लिटर. ९ बाय ५ वर एकरी ९६८ वेल, प्रत्येक वेलाला ४ लिटरचे दोन ड्रिपर, म्हणजे तासाला ७७४४ लिटर. उत्तर : एक तास तीन मिनिटं. मामांच्या चौकटीत 'आज ६५ मिनिटं' एवढंच येतं. तो ०.४ चा गुणांक मात्र अवस्थेप्रमाणं आणि जमिनीप्रमाणं बदलतो, माझा आंधळेपणानं उचलू नका, आपल्या सल्लागाराला विचारून घाला. वीज रात्रीची असली तर चौकट आदल्या संध्याकाळी भरली जाते, कारण रात्री अकराला उठून मोबाईल बघून हिशोब करणारा माणूस मी अजून बघितला नाही.

चौकट ३, औषध. शेवटची फवारणी कधी, कशाची, आणि काढणीला किती दिवस उरले. मी काढणी १३५ व्या दिवशी धरलीय, म्हणजे आज ८३ दिवस शिल्लक. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या यादीत प्रत्येक औषधापुढं पीएचआय दिलेला असतो, म्हणजे शेवटची फवारणी आणि काढणी यांत किती दिवस पाहिजेत ते. उरलेल्या दिवसांपेक्षा ज्याचा पीएचआय जास्त, ते औषध माझ्या यादीतून आपोआप गळून पडतं. २०१० साली सीसीसीच्या अंशामुळं युरोपात आपल्या द्राक्षांचे कंटेनर अडकले होते. ते वर्ष ज्यांनी बघितलं त्यांना या चौकटीचं मोल सांगायला नको.

चौकट ४, यंत्राची तब्येत. शेवटची नोंद किती वाजता आली, रात्रीच्या ५६ पैकी किती आल्या, बॅटरी किती व्होल्ट. बॅटरी ३.५ च्या खाली गेली किंवा सलग तीन नोंदी चुकल्या तर दोन मोबाईलवर घंटा वाजते. आधी ही माहिती कुठंतरी शेवटच्या पानावर होती. आता ती डाऊनीच्या चौकटीला चिकटून आहे. बैल आजारी असला तर औताला जुंपण्याआधी कळायला पाहिजे, नांगरट झाल्यावर नाही.

चौकट ५, अण्णांची नजर. हिच्याबद्दल सविस्तर लिहितो.

अण्णांची नजर

त्या नोव्हेंबरनंतर अण्णा मला एक शब्द बोलले नाहीत. म्हणजे घरात बोलायचे, पण बागेबद्दल नाही. पहाटेची चक्कर बंद केली. उठायचे, गोठ्यात जायचे, शेण काढायचे, पेपर वाचायचे. 'मी सांगितलं होतं' असंही एकदा म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर मला बरं वाटलं असतं.

एप्रिलच्या खरड छाटणीनंतर मी शीट नव्यानं बांधायला घेतली. ऑगस्टमध्ये त्यांना विचारलं, "अण्णा, पहाटे तुम्ही पानात नक्की काय बघता?" म्हणाले, "मला काय विचारतो? तुझं यंत्र आहे ना."

वाट काढली बायकोनं. ती म्हणाली, "त्यांना विचारू नका. त्यांना काम द्या." फळछाटणी झाल्यावर तिनं पाच वेलांना लाल चिंध्या बांधल्या. दोन ओढ्याकडं, दोन मध्यात, एक वरच्या बांधाला. आणि अण्णांना सांगितलं, "मला यंत्राचं काही कळत नाही. तुम्ही रोज पहाटे या पाच वेलांच्या पानांना हात लावून मला सांगा, मी लिहिते." तिला यंत्राचं सगळं कळतं. शीटमधली निम्मी भर तीच घालते. पण अण्णा दुसऱ्या दिवसापासून पाचला उठून बाहेर पडले.

त्यांच्या चौकटीत तीन शब्द आहेत : 'कोरडं', 'दमट', 'गळतंय'. हे शब्द त्यांचेच. मी 'ओलं' ठेवलं होतं, तर म्हणाले, "ओलं म्हणजे किती? हात लावल्यावर ओलं की हात न लावता ओलं?" तिथं मला कळलं की त्यांच्याकडंही मापन आहे, फक्त त्याला कुणी रकाना दिला नव्हता.

नियम असा ठेवला, की अण्णा आणि सेन्सर यांचं जुळलं नाही तर दोघांची सरासरी काढायची नाही. चौकट 'जाऊन बघा' म्हणते आणि कुणीतरी जाऊन बघतो. पहिल्या २४ सकाळींमध्ये पाच वेळा जुळलं नाही. तीन वेळा अण्णा बरोबर निघाले : एकदा सेन्सरवर कोळ्यानं जाळं धरलं होतं, दोनदा सेन्सरच्या ओळीत पानं विरळ केल्यामुळं तिथं वारं लागत होतं. दोन वेळा मात्र सेन्सर बरोबर होता. मध्यरात्री पान चार तास ओलं होतं आणि चारच्या सुमाराला वारं सुटून सुकलं, अण्णा पोचेपर्यंत कोरडं. हे मी त्यांना दाखवलं. आलेखाकडं बघून म्हणाले, "म्हणजे हे चोरून येतं तर." तेव्हापासून ते स्वतःच विचारतात, "रात्रीचं काय म्हणतंय?" अण्णांना मधली रात्र दिसत नाही, आणि यंत्राला त्याची स्वतःची झोप दिसत नाही.

यंदाचा ४० वा दिवस

१९ नोव्हेंबर. मी लग्नाला नाशिकला गेलो होतो, रात्री तिथंच थांबलो. पहाटे दोनला मोबाईल वाजला. सलग तीन नोंदी चुकल्या, चौकट राखाडी. घरी बायकोचाही वाजला. मी फोन करेपर्यंत ती आणि अण्णा बॅटरी घेऊन बाहेर पडले होते. पंधरा मिनिटांनी फोन आला. मागं अण्णांचा आवाज येत होता : "लिही, गळतंय. पाचही ठिकाणी."

यंत्र का बंद पडलं होतं? उंदरानं वायर कुरतडली होती. आभाळाचा काही संबंध नाही. पण गप्प बसलेल्या यंत्राला आता घरात कुणी कोरडं समजत नाही.

गळत्या पानावर फवारा टिकत नाही, म्हणून पाणी उतरायला लागायची वाट बघितली आणि साडेसातला ब्लोअर सुरू केला. मी नऊला पोचलो तेव्हा शेवटच्या ओळी चालल्या होत्या. नंतर ओढ्याकडच्या तीन ओळींत पानांवर तुरळक डाग आले, ते खुडून बाहेर काढले. घड आज ५२ व्या दिवशी स्वच्छ आहेत. डॅशबोर्डनं बाग वाचवली असं मी म्हणणार नाही. हंगाम अजून अर्ध्यावर आहे, आणि भुरी आहे, थंडी आहे, जानेवारी-फेब्रुवारीचा अवकाळी आहे. पण त्या रात्री ज्याला बघायला जायला पाहिजे होतं तो माणूस वेळेवर बागेत पोचला. डॅशबोर्डकडून मला एवढंच पाहिजे.

शीट मागणाऱ्यांसाठी

शीट पाठवताना तीन कामं सांगतो, ती केल्याशिवाय वापरू नका.

एक, सगळ्यात आधी यंत्राची वायर काढून बघा. एक रात्र बंद ठेवा आणि सकाळी तुमच्या डॅशबोर्डवर काय दिसतं ते बघा. हिरवं दिसलं तर तो डॅशबोर्ड माझ्या जुन्या शीटचा भाऊ आहे. विकत घेतलेलं ॲप असलं तरी ही परीक्षा घ्या, आणि देणाऱ्याला विचारा की नोंद आली नाही तर चौकट काय दाखवते.

दोन, व्हॉल्व्ह ज्याच्या हातात आहे आणि ब्लोअर जो चालवतो, त्यांच्या हातात मोबाईल देऊन विचारा, 'यात काय लिहिलंय?' तुम्ही काही समजावून सांगू नका. ते जे वाचतील तेच तुमच्या डॅशबोर्डवर लिहिलेलं आहे असं धरा.

तीन, घरातल्या ज्या माणसाचे पाय पहाटे भिजतात, त्याला एक रकाना द्या. नाव तुमच्या मनानं ठेवा.

सल्लागार मंडळींना एक विनंती. पाच लाल चिंध्यांच्या नोंदी आणि सेन्सरच्या नोंदी रोजच्या रोज शेजारी-शेजारी लिहिल्यात. हंगाम संपल्यावर सगळ्या देतो. कुणाला त्यातून काही निघतंय का बघायचं असेल तर जरूर बघा, चुका दाखवा.

आत्ता पाच वाजलेत. अण्णा बाहेर पडलेत. जाताना विचारून गेले, "रात्री किती आले?" म्हटलं, "आत्तापर्यंतच्या सगळ्या." म्हणाले, "तरी बघून येतो."